हंडा न आलेलं घर

गेल्या आठवड्यात फोनवर एक फोटो आला. चांगुणामावशीला ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला, त्याचा. मधे मावशी, एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला उपसरपंच, आणि मावशीच्या हातात काचेत बसवलेलं मानपत्र. मी दोन बोटांनी फोटो मोठा करून वाचलं. ‘आपल्या शांत, हसतमुख व मृदू स्वभावाने आपण सर्व ग्रामस्थांची मने जिंकलीत.’

मला इतका राग आला की मी फोन पालथा घातला.

शांत? हसतमुख? ही कोण बाई? ज्या बाईनं वीस वर्षं त्या गावाला शिव्या घालत पाणी पाजलं, तिचं हे वर्णन? छापणाऱ्याकडं एकच मजकूर तयार असतो, नाव बदलून देतो, तेवढंच झालं असणार. पण सरपंचानं तरी वाचायचं होतं. तिला ‘तिखट चांगू’ म्हणणारे हेच, ‘येडी झालीय, नवऱ्याच्या मागं डोकं गेलं तिचं’ म्हणणारे पण हेच. आता म्हातारी झाली, काम सुटलं, तर मृदू झाली.

मी आठवीत शाळा सोडली. दुकानाची यादी सोडून मी फार काही लिहिलेलं नाही, आणि लिहिताना चुकेल की काय म्हणून एकेक ओळ दोनदा वाचते. पण तिचं खोटं चित्र काचेत लावून भिंतीवर टांगणार असतील, तर खरी कशी होती ते कुठंतरी लिहिलेलं असावं. मी आज जिवंत आहे ती तिच्या मृदू स्वभावामुळं नाही.

मी परभणीकडची. लग्न झालं आणि आमचे हे मुरबाड तालुक्यात एका पोल्ट्रीवर कामाला लागले. धसईच्या पुढं, गावाच्या बाहेर, दोन लांब शेड आणि टोकाला आमची एक खोली. माहेर एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. गावातल्या बायका ‘नाय’ म्हणायच्या, ‘आमी’ म्हणायच्या, भात लावायच्या. आमच्याकडं ज्वारी. पहिले सहा महिने मला त्यांचं बोलणं भांडण वाटायचं. मावशीचं तर भांडणच असायचं.

तिचा नवरा अनंता पंचायतीचा पाणीवाला होता. तो गेल्यावर ते काम तिनं घेतलं. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, कपाळ मोकळं, आणि खांद्यावर वॉलची चावी. चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी दांडी, वर आडवी मूठ. जमिनीत खड्ड्यात पाणी सोडायचा वॉल असतो, त्यात ती घालायची आणि जोर लावून फिरवायची. ह्या भागात एवढी धरणं, पण पाइप सगळे शहराकडं जाणारे. आमच्या नळाला सकाळी चाळीस मिनिटं पाणी. त्या चाळीस मिनिटांत मावशी वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत ओरडत फिरायची.

“ए तुळसे, हंडा भरला ना? मग उचल. नळाशी काय लग्न लावलंस?”

“कोन तो, गाडी धुतोय काय रे? बापाची विहीर हाय काय?”

सरपंचाच्या घरी मोटार लावून पाणी ओढतात हे कळल्यावर तिनं भर नळावर सांगितलं होतं, “सरपंचाला सांगा, उद्या मोटार दिसली तर वॉल बंद करीन, मंग पी म्हनावं बिसलेरी.” मोटार दुसऱ्या दिवशी निघाली. आता तोच मानपत्र देतो.

लोकांना वाटायचं ती पाण्यावर लक्ष ठेवते. ती पाण्यावर नव्हती ठेवत. ती बघायची कुणाचा हंडा आला नाही. बाईचं नवऱ्याशी भांडण झालं, ताप आला, पाहुणे आले, काही झालं तरी हंडा नळावर येतो. पोरगी येते, सासू येते, शेजारीण भरून नेते. ज्या घरचा हंडा दोन दिवस येत नाही आणि शेजाऱ्यांना त्याचं कारण सांगता येत नाही, त्या घरी मावशी तिसऱ्या दिवशी जायची. चावीसकट.

माझा हंडा तीन दिवस गेला नाही.

का गेला नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. लोकांना कारण पाहिजे असतं. नवरा मारतो का? नाही. पितो का? नाही. पोर राहत नाही का? लग्नाला दीडच वर्ष झालं होतं, त्याचं काही नव्हतं. मग काय झालं तुला? काही झालं नव्हतं, आणि हेच कुणाला पटत नव्हतं. सकाळी डोळे उघडायचे आणि छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. भाकरी करायला घेतली की पीठ मळता मळता हात थांबायचे. आईला फोन केला तर म्हणाली, घराची आठवण येत असेल, मनाला लावून घेऊ नको. पोल्ट्रीच्या मालकीणबाई आल्या तर म्हणाल्या, पॉझिटिव्ह राहायचं, आमच्या ग्रुपवर रोज चांगले विचार येतात, तुला टाकते. शेजारच्या वाडीतली एक म्हणाली, भगताला दाखव, रस्त्यात काहीतरी ओलांडलं असशील. आमचे हे चांगले, पण घाबरट. ते मला काही विचारतच नव्हते. विचारलं आणि मी काही सांगितलं तर काय करायचं, ह्याची त्यांना भीती.

तिसऱ्या दिवशी दारावर लोखंड वाजलं.

“ए परभणीवाले! मेलीस काय?”

मी पडूनच राहिले.

“मेली नसशील तर दार उघड. मेली असशील तर तसं सांग, म्हंजे तुझ्या वाटचं पानी दुसऱ्याला सोडते.”

मी उठून दार उघडलं. ती आत आली, माझ्याकडं बघितलंच नाही. आधी चुलीवरच्या टोपाचं झाकण उचललं. मग माठात हात घातला. मग खाली बसली.

“जेवलीस?”

“हो.”

“खोटं बोलते. टोप कोरडा.”

मला काय झालं माहीत नाही. इतक्या लोकांना ‘काही नाही’ म्हणून सांगितलं होतं, पण त्या कोरड्या टोपामुळं मी पकडली गेले. मी म्हणाले, “मावशी, मला मरावंसं वाटतं.”

तिनं तोंडावर हात नेला नाही, अगं बाई म्हणाली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. तिनं सरळ माझ्या डोळ्यात बघून विचारलं, “वाटतं का ठरवलंस?”

असं मला कुणी विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हणाले, “वाटतं.”

“मंग बस. वाटन्याचं औषध हाय.”

त्या दिवशी ती दुपारपर्यंत उठली नाही. आमचे हे शेडमधून आले तेव्हा त्यांना अशी झापली की शेडमधल्या कोंबड्या गप्प झाल्या असतील. “बाईल तीन दिस पान्याला नाय गेली, तुला दिसलं नाय? कोंबडी एक दिस खाद्य नाय खाल्लं तर डॉक्टर बोलावतो ना रे?” खोलीत जे जे ठेवायला नको होतं ते सगळं तिनं त्यांच्याकडून उचलून शेडच्या कुलपात ठेवून घेतलं, आणि चावी मालकाकडं पाठवली. मग तांदळाची पेज केली आणि माझ्यासमोर बसून राहिली. गोड बोलून भरवलं असं नाही. “गिळ,” एवढंच म्हणायची. प्रत्येक घासाला, “गिळ.”

तालुक्याला महिन्यातून एक दिवस मनाची डॉक्टर यायची. मावशीला तो वार पाठ होता. त्या दिवशी ती मला घेऊन जीपमध्ये बसली. जीप भरलेली, भाजीच्या जुड्या, कोंबड्या, माणसं. मागच्या सीटवरून एकीनं विचारलं, “कुठं चालली गो चांगू?”

मला वाटलं ती बाजाराला सांगेल.

“हिच्या मनाच्या डॉक्टरकडं. हिला मरावंसं वाटतं. तू येतेस? तुझं पन तोंड महिनाभर उतरलेलं हाय.”

सगळी जीप माझ्याकडं वळली. मला वाटलं, ह्या क्षणी रस्ता फाटावा. मुरबाड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि मनात मावशीला जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. आम्ही उतरलो तेव्हा मागच्या सीटवरची ती बाई आमच्या मागून उतरली, पदर दातात धरून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “कुठल्या वारी असतो गो तो डॉक्टर?”

मावशीनं तिला ऐकलं. “मोठ्यानं इचार,” ती म्हणाली. “शुगरच्या गोळीचं मोठ्यानं इचारतेस ना?”

गोळी सुरू झाली. गोळी सुरू झाली म्हणून लगेच सगळं बरं होत नाही, हेही कुणी सांगत नाही. पहिले दोन-तीन आठवडे काही फरक नव्हता, फक्त झोप आणि तोंडाला कोरड. मी म्हणाले, काही उपयोग नाही. तेव्हा मावशी म्हणाली, तिचा खांदा दुखतो. वॉल फिरवता येत नाही. “सकाळी सहाला टाकीवर ये. तू फिरव, मी सांगते.”

“मला जमणार नाही मावशी.”

“नको जमू दे. पन तू नाय आलीस तर खालच्या आळीला पानी नाय. मंग त्या बाया बोंबलतील, नि शिव्या मला पडतील. तुझ्यामुलं मी शिव्या खाऊ?”

मला जगायचं नव्हतं, पण सहाला वॉल सोडायचा होता. असे किती दिवस गेले ते मी धरून ठेवलेलं नाही. सकाळी छातीवर पोतं असायचंच. ते तसंच घेऊन मी शेतातून टाकीपर्यंत चालत जायचे, चावी खड्ड्यात घालायचे, आणि मावशी वर उभी राहून खेकसायची, “उलटी फिरवतेस, येडे! सुलटी फिरव! हात हायेत का शेवग्याच्या शेंगा?” मग पाइपात आधी हवा खोकायची, आणि मग पाणी यायचं. खालच्या आळीतून कुणीतरी ओरडायचं, “आलं गो!” ते “आलं गो” मी ऐकायचे. बाकी दिवसभरात कुणाचं काही ऐकू यायचं नाही, पण ते यायचं.

तिचा खांदा दुखत नव्हता. पुढं मी तिला लग्नाच्या मांडवासाठी अख्खा वासा उचलून नेताना बघितलं. विचारलं तर म्हणाली, “तवा दुखत होता.”

ती प्रेमळ नव्हती, हे मी परत परत सांगते, कारण लोक असल्या बाईला लगेच आई करून टाकतात. तिनं माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही. माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. मी रडायला लागले की ती उठून जायची. आणि तिचा राग सगळ्यांवर होता. मनाची गोळी खाणारी आणखी तीन-चार माणसं त्या भागात होती, ती तिला माहीत होती, आणि त्यांच्या घरच्यांशी तिचं वैर होतं. भातलावणीच्या दिवसांत तर तिच्या अंगात यायचं. दुपारी वॉलचं काम नसलं की ती शेताशेतानं जायची आणि बांधावरून ओरडायची, “गोली घेतली काय रे?” सगळ्या बाया-माणसांसमोर. एकाच्या भावानं ढेकूळ मारलं होतं तिला. तिनं ते उचललं आणि परत त्याला मारलं.

लावणीतच का, हे मला कळायचं नाही.

तिच्या नवऱ्याचं मला गावातून कळलं होतं. गाव सांगायचं, अनंता तापानं गेला. पितृपक्षात त्याच्या नावानं जेवण होतं, मी वाढायला गेले होते. मावशीची जाऊ कुणा पाहुण्याला सांगत होती, “भावजींना ताप काय आला नि दोन दिसांत काय झालं...” मावशीनं हातातला डाव पातेल्यात टाकला.

“ताप नाय. त्यानं सोताला संपवलं. बोल ना. जिभेला काय होतं तुझ्या?”

“चांगू, आज तरी...”

“आजच! दर वर्साला त्याला जेवायला बोलावता नि दर वर्साला त्याच्याबद्दल खोटं बोलता. तापानं गेला असता तर गोली दिली असती ना त्याला! त्या भगतानं बोकड खाल्ला नि त्याची गोली बंद केली. सांगा पाव्हन्यांना!”

पाहुणे अर्ध्या पानावरून उठले. जाऊ रडायला लागली. मावशीनं डाव परत उचलला आणि मला म्हणाली, “भात वाढ त्या पोरांना. ती का उपाशी ऱ्हावीत.” भगताचं नाव निघालं की ती अशीच पेटायची. मला तेव्हा वाटलं, सगळं कळलं मला तिचं.

पुढच्या वर्षी माझं बरं चाललं होतं. झोप लागायची, भाकरी फुगायची, आमच्या ह्यांच्या विनोदाला हसू यायचं, ते विनोद काही सुधारले नव्हते तरी. पोल्ट्रीतली कोंबड्यांची बॅच विकली गेली, शेड धुऊन रिकामी ठेवली होती, आणि गावात लावणी सुरू झाली होती. मी पण बायकांबरोबर जायला लागले. पहिल्यांदा मला त्या बायकांतली एक झाल्यासारखं वाटलं. चिखलात पाय, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, रोपाच्या मुठी, आणि वरून एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल. पण सकाळी गोळी घेतली की दहा वाजता डोळ्यांवर गुंगी यायची. मी मागं पडायचे. माझ्या डाव्या-उजव्या ओळी पुढं जायच्या आणि मधे माझा खळगा. कुणीतरी म्हणालं, “परभणीवाली ज्वारी पेरतेय काय?” सगळ्या हसल्या. मी पण हसले. आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी घेतली नाही. लावणी होईपर्यंत तर प्रश्न आहे, असं मनात म्हटलं.

आठव्या-नवव्या दिवशी छातीवर पोतं परत आलं. मी कुणाला बोलले नाही. मावशी दुपारी बांधावर आली आणि नेहमीसारखी ओरडली, “गोली घेतली काय गो?”

मला खोटं बोलायचं होतं, पण टोप आठवला. मी मान हलवली. नाही.

“कवापासून?”

“लावणी लागल्यापासून. झोप येते मावशी. लावणी झाली की घेते.”

मी शिव्यांची वाट बघत राहिले. सगळ्या बाया वाकलेल्या तशाच थांबून वाट बघत होत्या. मावशी काही बोललीच नाही. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. मग ती बांधावर, चिखलात, लुगड्यासकट खाली बसली. मी तिला जेवढी घाबरले तेवढी तिच्या शिव्यांना कधी घाबरले नव्हते. मी चिखलातून तिच्याजवळ गेले.

“मीच बंद केली,” ती म्हणाली.

“काय मावशी?”

“अनंताची गोली. भगतानं नाय. भगत मागनं बोलला, त्याच्या आदी मी बोलले. तो गोली खाऊन बांधावर झोपायचा. ट्रॅक्टर आलेला, बाया आलेल्या, नि हा झोपलेला. लोक हसायचे. मी बोलले, लावनी होईपर्यंत ऱ्हाऊ दे. पंदरा दिसांचा तर प्रश्न. त्यानं डबी गुपचूप माझ्या हातात दिली.” तिनं बांधावरचं गवत मुठीनं उपटलं. “त्या वर्साला लावनी चांगली झाली. सगळ्यांच्या आदी झाली. गौरी यायच्या आदी तो गेला.”

मी म्हणाले, “तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं मावशी.”

“मी इचारलं नाय,” ती ओरडली. “कुनाला इचारलं मी? नवरा येडा हाय असं कोन इचारायला जातो?”

इतकी वर्षं ती भगताला शिव्या देत होती, गावाला देत होती, आणि त्यातली एकही त्यांच्यासाठी नव्हती. मला हे तेव्हा कळलं, आणि मला राग आला. मावशीचा नाही. त्या हसणाऱ्यांचा आला. माणूस बांधावर झोपतो त्याला हसायला सगळं गाव आहे, आणि का झोपतो हे विचारायला एक नाही. त्यात मी पण आलेच. मी पण बायकांबरोबर स्वतःलाच हसले होते.

डॉक्टरीणबाईंचा वार दोन दिवसांनी होता. तोवर ती रोज सकाळ-संध्याकाळ खोलीवर येऊन बसायची, आणि आमच्या ह्यांना पण बसवायची. वाराला ती मला घेऊन गेली, आणि दर वेळी बाहेर थांबायची ती ह्या वेळी आत आली. डॉक्टरीणबाई वयानं लहान, शांत. त्यांनी विचारलं, गोळी का थांबवली. मी घाबरत घाबरत सांगितलं, लावणीत झोप येते, काम होत नाही.

“मग मला सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. “असं एकदम थांबवायचं नसतं. सकाळी घेत होतीस? आता रात्री जेवण झालं की घे. झोप यायची ती रात्री येईल. आठ दिवसांनी तरी जड वाटलं तर फोन कर, आपण गोळी बदलू.”

त्यांनी कागदावर लिहिलं. दोन मिनिटं लागली असतील.

मावशी पुढं वाकली. “म्हंजे... येळ बदलायची?”

“हो. पुष्कळांना तेवढ्यानं जमतं.”

“एवढंच?”

“दर वेळी एवढंच नसतं मावशी. पण विचारलं की काहीतरी मार्ग निघतो.”

मावशी उठली आणि बाहेर गेली. मी कागद घेऊन मागं धावले. रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती, ती तिथं उभी होती. टपरीच्या पिंपाला नळ होता आणि तो थेंब थेंब गळत होता. मावशी तो नळ घट्ट बंद करत होती. फिरवत होती, परत फिरवत होती, आणि तो गळतच होता.

“वायसर गेलाय याचा!” ती चहावाल्यावर ओरडली. “दिसत नाय काय रे? एक वायसर! एवढंसं रबर असतंय, नखाएवढं! नखाएवढं रबर टाकायला काय होतं तुमाला? इचारायला काय होतं? सगळं पानी गेलं ना रे! सगळं गेलं!”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ओरडत होती. चहावाला बिचारा हातात गाळणी धरून उभा. “टाकतो ना आजी, आजच टाकतो,” तो म्हणत राहिला. मी तिला धरलं. तिला मी शिवले ती तेवढ्याच वेळी. तिचा खांदा लाकडासारखा होता. तिनं मला ढकललं नाही.

गाव आल्यावर जीपमधून उतरताना ती म्हणाली, “रात्री जेवल्यावर. इसरलीस तर तंगडं मोडीन.”

मी विसरले नाही. पोतं एकदम गेलं नाही, पण पंधरा दिवसांत त्याचं ओझं उतरत गेलं. गोळी पुढं दोन वर्षांनी डॉक्टरीणबाईंनीच हळूहळू कमी केली. अजून काही सकाळी मला भीती वाटते, परत आलं तर? भीती वाटली की मी मनातल्या मनात घाबरत बसत नाही, आमच्या ह्यांना सांगते. ते अजून घाबरट आहेत, पण आता विचारतात.

नंतरच्या एका लावणीत आमची पोल्ट्री बंद झाली आणि ह्यांना आटगावजवळ एका गोदामात काम मिळालं. सामान टेम्पोत भरलं. मी सकाळी मावशीकडं गेले होते निरोप घ्यायला, तर घराला कुलूप. टाकीवर पण नाही. मला वाटलं, निरोप टाळायला कुठंतरी निघून गेली. तशी होतीच ती. मी पायरीवर एक साडी ठेवली आणि परत आले.

टेम्पो गावाबाहेर पडला तेव्हा ती दिसली. रस्त्यापासून चार शेतं आत, बांधावर उभी. पाऊस नुसता भुरभुरत होता. पलीकडच्या शेतात एक माणूस ट्रॅक्टरनं चिखलणी करत होता. मी ओळखलं त्याला, तिला ढेकूळ मारणाऱ्याचा भाऊ, तो गोळी खाणारा. मावशी तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडत होती. इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं. तो कानाला हात लावून ‘काय?’ म्हणत होता.

मी टेम्पो थांबवायला सांगितलं. हाक मारणार होते, पण मारली नाही. तिचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

“रात्री घे! ऐकलंस काय? रात्री घेतली तरी चालते!”

त्यानं परत कानाला हात लावला. मावशीनं लुगडं आणखी वर खोचलं, एक सणसणीत शिवी दिली, आणि चिखलात उतरून त्याच्याकडं चालायला लागली.